"मिटवून टाका": सातपूरच्या एका वळणावरचं सायकल प्रकरण

आधी प्रकरण जसं घडलं तसं सांगतो, मतं मधेमधे येतीलच.

ठिकाण नाशिकचा त्र्यंबक रोड, सातपूर, पपया नर्सरीच्या आसपासचा पट्टा. वेळ सकाळी सव्वासात. पावसाळा संपत आलेला, त्यामुळे रस्त्याच्या डाव्या कडेला खड्डे, त्यातून बाहेर आलेली खडी आणि कुठेकुठे साचलेलं पाणी. एमआयडीसीत सात वाजता रात्रपाळी सुटते आणि पहिली पाळी आत जाते, म्हणजे या वेळेला रस्त्यावर कंपनीच्या बसेस, रिक्षा, बाइकवाले आणि साध्या सायकलींवरची माणसं असं सगळं एकदम असतं. त्यातलेच एक काका, वय पन्नाशीच्या पुढे, एका कंपनीत ठेकेदाराकडून सिक्युरिटी गार्ड, रात्रभर ड्युटी करून काळ्या चोवीस इंची सायकलवर घरी निघालेले, कॅरिअरला डब्याची पिशवी. नाव देत नाही, गरजही नाही.

त्यांच्या मागे साधारण पन्नासेक फुटांवर आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप, त्र्यंबकच्या बाजूने परत येणारा, सहा जण. आमच्यातल्या एकाच्या हँडलवर कॅमेरा चालू होता, म्हणून पुढचं सगळं "मी म्हणतो, तू म्हणतोस" यावर न राहता बघता येतं. एक पांढरी एसयूव्ही मागून लांबलचक हॉर्न देत आली, आम्हाला अगदी वीतभर अंतराने घासून पुढे गेली, मग काकांच्याही पुढे गेली आणि इंडिकेटर न देता डावीकडच्या आतल्या रस्त्याला वळली. काका सरळ चालले होते. त्यांना ब्रेक दाबायला जेमतेम वेळ मिळाला, साध्या सायकलचा रॉडचा ब्रेक, रिम ओली, लागणार किती. गाडीच्या मागच्या डाव्या दरवाजावर आपटून डाव्या खांद्यावर पडले.

हा प्रकार सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलाय. ओव्हरटेक करून लगेच डावीकडे वळणं. गाडीवाल्याला वाटतं आपण सायकलला पार करून गेलो, विषय संपला, पण वळायचं म्हणजे वेग कमी करावा लागतो आणि कमी केला की सायकल परत त्याच्या बरोबरीला येते, तीही बरोबर त्याच्या डाव्या बाजूला जिथे आरशात नीट दिसत नाही. ताशी ४० ने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ताशी १५ ची सायकल ४ मीटर. वळण २५ मीटरवर असेल तर सायकलवाला ते सहा सेकंदात ओलांडून जातो. म्हणजे गाडीवाला मागे थांबला असता तर त्याचे जास्तीत जास्त सहा सेकंद गेले असते, आणि तसंही वळणावर त्याला सायकलच्याच वेगाला यायचं होतं. वाचवलं काय? काहीच नाही. पण मागे थांबणं हे त्याच्या डोक्यात येतच नाही, सायकलच्या मागे गाडी थांबते ही कल्पनाच नाही आपल्याकडे.

रस्त्यावरची वीस मिनिटं

गाडी वीसेक फुटांवर थांबली. चालवणारे गृहस्थ पंचेचाळीस-पन्नासचे, बाजूला दहावी-अकरावीतली मुलगी, क्लासला सोडायला निघाले होते. उतरले आणि आधी गाडीचा दरवाजा बघितला. मग काकांकडे. हे लिहायलाच पाहिजे कारण नंतर सगळ्यांच्या लक्षात तेच राहिलं, पण खरं सांगायचं तर माणूस काही गुंड नव्हता, घाबरलेला होता, पहिलं वाक्य "मी हॉर्न दिला होता ना" आणि दुसरंही तेच. हॉर्न दिला की पुढचा रस्ता आपला झाला, समोरच्याने हवेत विरघळून जायचं, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की तो माणूस ते बचाव म्हणून बोलत नव्हता, त्याला मनापासून वाटत होतं की त्याने त्याचं कर्तव्य केलंय.

इथे आमच्यातल्या सगळ्यात तरुण पोराने एक उद्योग केला. गाडीच्या खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली. राग समजू शकतो, समोर म्हातारा माणूस खांदा धरून बसलाय आणि हा हॉर्नचं सांगतोय. पण या चावीने पुढे जो घोळ घातला तो खाली येईलच.

गाडीवाल्यांनी फोन केला, दहा मिनिटांत त्यांचा भाचा आणि अजून तिघंचौघं आले. आणि मग सुरू झालं आपल्या रस्त्यांवरचं ठरलेलं नाटक. भाचा एकदम गोड बोलणारा. "काका, लागलं नाही ना जास्त? मुका मार आहे, दोन दिवसात बरं होईल. हे दोन हजार ठेवा, सायकल पण नीट करून घ्या." गर्दीतले दोघंतिघं लगेच, हो हो मिटवून टाका, कशाला पोलीस. आणि काका स्वतः काय म्हणतात, "जाऊ द्या ना साहेब, नको झेंगट, रात्री परत ड्युटी आहे." आम्हाला साहेब म्हणत होते ते, आम्ही हेल्मेट घालून महागड्या सायकली धरून उभे म्हणून. मला ते फार टोचलं, त्याच रस्त्यावर त्याच गाडीने आम्हालाही तेवढंच घासलं होतं.

भाच्याने गाडीतून एक कागद आणला आणि लिहायला लागला, माझी काही तक्रार नाही, माझ्याच चुकीने पडलो, वगैरे. काकांना पेन दिलं. त्यांचा उजवा हात ठीक होता, सही करू शकत होते, करणारही होते.

तेवढ्यात आमच्यातली एक ताई, जी फिजिओथेरपिस्ट आहे, तिने काकांना विचारलं की डावा हात वर करून दाखवा. कोपरातून वर जाईना. तिने खांद्यापाशी नुसतं बोट लावलं तर ते ओरडले. ती एवढंच म्हणाली, एक्स-रे निघाल्याशिवाय कुणी कुठे सही करणार नाही. आवाज चढवला नाही, वाद घातला नाही, कागद घडी करून भाच्याच्या हातात परत दिला.

माझ्या मते या पूर्ण प्रकरणातला निर्णायक क्षण हा आहे, धडक नाही. रस्त्यावरचं मिटवणं हे नेहमी मार किती लागलाय हे कळायच्या आधी होतं आणि म्हणूनच ते गाडीवाल्याला स्वस्त पडतं. दोन हजारात त्या दिवशी काकांची पुढची दीड-दोन महिन्यांची मजुरी, औषधपाणी, सायकल, सगळं विकत घेतलं जाणार होतं.

आमच्यापैकी एकाने ११२ ला फोन लावला, दुसऱ्याने १०८ ला. कुणाला मदत केली तर आपण अडकू ही भीती अजून आहे लोकांना, तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, अपघातात मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि त्याने नाव सांगायलाच पाहिजे असंही नाही. आम्ही नावं दिली, कारण साक्षीदार लागणार होते.

मुका मार

जवळच्या एका दवाखान्यात भाच्याच्या आग्रहाने आधी नेलं गेलं होतं, तिथे गोळी, मलम आणि "मुका मार" एवढंच झालं. मग ताईच्या हट्टापायी सिव्हिलला. तिथे एमएलसी झाली, म्हणजे अपघाताची केस म्हणून नोंद, आणि एक्स-रे. डाव्या बाजूचं कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड, मोडलेलं. ऑपरेशन नको, पट्टा आणि झोळी, सहा आठवडे हात हलवायचा नाही, मग पुढे व्यायाम.

या एक्स-रेने कायद्याच्या भाषेत प्रकरणाची जातच बदलते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यात बेदरकार वाहन चालवण्याचं कलम २८१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग कलम १२५, हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, त्यात साधी दुखापत झाली तर १२५(अ), सहा महिने किंवा पाच हजारांपर्यंत दंड. गंभीर दुखापत झाली तर १२५(ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गंभीर म्हणजे काय हे कलम ११६ मधे दिलंय, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं त्यात येतं. म्हणजे गोळी आणि मलम घेऊन घरी गेले असते तर कागदावर साधी दुखापत, तीही नोंदली गेली असती तर. तेच हाड, तोच माणूस, फक्त फोटो काढला म्हणून गंभीर.

पोलीस स्टेशन

स्टेशनचं नाव घेत नाही आणि तिथल्या हवालदारांना व्हिलनही करत नाही, सकाळपासून त्यांच्याकडे दोन भांडणं आणि एक चोरी होती. त्यांचं पहिलं म्हणणं, दोन्हीकडचे समजदार दिसताय, बसून मिटवून घ्या, मी डायरीत नोंद करतो. दुसरं म्हणणं, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेऊ का. इथे माहिती असलेली बरी, २८१ आणि १२५ दोन्ही दखलपात्र आहेत, म्हणजे एनसीचा प्रश्नच येत नाही, एफआयआर व्हायला हवा. हे शांतपणे म्हटलं, एमएलसीचा कागद पुढे ठेवला. त्या दिवशी "साहेब आले की बघू" झालं, दुसऱ्या दिवशी सुट्टी, तिसऱ्या दिवशी एफआयआर झाला, आधी २८१ आणि १२५(अ), नंतर मेडिकल सर्टिफिकेट आल्यावर (ब) लागलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंग, तेही.

फिर्याद लिहिताना एक गंमत झाली. आमच्यातल्या एका उत्साही मित्राने दोन पानी मजकूर तयार करून आणला, नाशिकची बेशिस्त वाहतूक, सिंहस्थासाठी खोदलेले रस्ते, प्रशासनाची उदासीनता, सगळं. मनातलं सगळं खरं पण फिर्यादीत कामाचं काहीच नाही. शेवटी काकांनी बोलून दाखवलं ते अर्ध्या पानात बसलं: किती वाजता, कुठून कुठे चाललो होतो, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, गाडी कोणत्या बाजूने पुढे गेली, इंडिकेटर दिला की नाही, कुठे धडकलो, कोणत्या अंगावर पडलो. बास.

हेल्मेटचाही मुद्दा निघाला. गाडीवाल्यांकडून कुणीतरी म्हणालं, सायकलवाल्याने हेल्मेट कुठे घातलं होतं? नाशिकमधे हे डोक्यात बसण्याला कारण आहे, १५ ऑगस्ट २०२१ पासून शहरात नो हेल्मेट नो पेट्रोल मोहीम झाली होती, तेव्हापासून दोन चाकं दिसली की लोकांना हेल्मेट आठवतं. पण हेल्मेटसक्तीचं कलम १२९ हे मोटारसायकलसाठी आहे, साध्या सायकलला ती सक्तीच नाही. घालावं की नाही हा वेगळा विषय, मी घालतो. पण मोडलंय हाड खांद्याजवळचं, आणि हेल्मेट काय खांद्यावर घालतात का.

चावी आणि व्हिडिओ

आता तो घोळ. गाडीवाल्यांनी दोन दिवसांनी अर्ज दिला की सायकलवाल्या टोळक्याने मला अडवलं, चावी हिसकावली, मुलीसमोर शिवीगाळ केली. आणि मागून निरोप, तुम्ही तुमचं मागे घ्या, आम्ही आमचं घेतो. म्हणजे काकांचं मोडलेलं हाड एका पारड्यात आणि आमच्या पोराने काढलेली चावी दुसऱ्यात. वजन काही सारखं नाही पण बार्गेनिंगला पुरतं.

आता व्हिडिओत चावी काढतानाचंही आलेलं. ग्रुपमधे दोन तट पडले, एक म्हणाला तेवढा भाग कापून द्या, धडकेचं तीस सेकंद पुरे. हे साफ चुकीचं होतं आणि नशीब कॅमेरा ज्याचा होता त्यानेच ऐकलं नाही. मोबाइल, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सोबत सर्टिफिकेट लागतं, पूर्वी ६५ब म्हणायचे ते. आता त्याचे दोन भाग आहेत, एक ज्याच्याकडे उपकरण आहे तो भरतो, दुसरा तज्ज्ञ भरतो, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलच्या बोटाच्या ठशासारखा एक आकडा, लिहावी लागते. फाइलला जरा जरी हात लावला की ही व्हॅल्यू बदलते. कापलेला व्हिडिओ दिला असता तर समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न, बाकीचं का लपवलं? मग खरा भागसुद्धा खोटा वाटायला लागतो.

म्हणून पूर्ण फाइल दिली, चावीसकट. पोराने जबाबात सरळ सांगितलं की हो काढली, पोलीस येईपर्यंत गाडी निघून जाऊ नये म्हणून काढली, आले तेव्हा त्यांच्या हातात दिली. शिवीगाळ रेकॉर्डिंगमधे कुठेच नव्हती. त्या अर्जावर त्याला समज देऊन विषय बंद झाला. पण हे टळलं ते कॅमेऱ्यामुळे. कॅमेरा नसता तर पाच जण म्हणाले असते शिव्या दिल्या आणि सहा जण म्हणाले असते नाही दिल्या. गाडीचा नंबर, रंग, ड्रायव्हरचा चेहरा, गाडी कुठे उभी आहे, सायकल कुठे पडलीय, हे मोबाइलवर टिपलं की चावीची गरजच उरत नाही, नंबरावरून गाडी सापडते.

कॅमेऱ्याबद्दल अजून दोन गोष्टी, कारण बऱ्याच जणांकडे आता असतो. यातले बहुतेक कॅमेरे कार्ड भरलं की जुनं पुसून वर नवीन लिहितात, म्हणून काही झालं की आधी रेकॉर्डिंग थांबवायचं आणि ते कार्डच काढून बाजूला ठेवायचं. आणि धडकेच्या क्षणाला नंबर वाचता येईल अशी आशा धरू नका, आमच्या व्हिडिओत तेव्हा गाडी आडवी आहे आणि हँडल खड्ड्यात हललंय. नंबर स्वच्छ दिसतो तो आधीच, ती आम्हाला घासून पुढे गेली तेव्हा. समोरच्या दुकानाचं सीसीटीव्हीही मागितलं, मालक आधी तयार नव्हते, पोलिसांचं पत्र गेल्यावर दिलं. दुकानांचे डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे, तेही काही दिवसांनी जुनं पुसतात, तिथे उशीर करून चालत नाही.

पगाराचं काय

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सायकलवाल्यांच्या गप्पांत तो कधीच येत नाही.

काकांच्या सुपरवायझरचं म्हणणं, ड्युटी संपल्यावर गेटबाहेर झालं, आमचा संबंध नाही, बरे झाले की या, जागा असली तर बघू. पगाराची स्लिप मागितली, त्यात दर महिन्याला ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, पैसे कापलेले. कामगाराचा ०.७५ टक्का आणि मालकाचा ३.२५ टक्के, एकवीस हजारापर्यंत पगार असलेल्यांना हे लागू. आणि २०१० च्या दुरुस्तीपासून ईएसआयचा नियम स्पष्ट आहे की घरून कामाला जाताना किंवा काम संपवून घरी येताना झालेला अपघात हा कामावरचाच अपघात धरायचा, फक्त वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसला पाहिजे. साध्या आजारपणाच्या रजेला ईएसआय रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के देतं, कामावरच्या अपघाताला ९० टक्के. सुपरवायझर जे "आमचा संबंध नाही" म्हणत होता त्याची ही किंमत.

आता संबंध दाखवायचा कसा? गेटच्या रजिस्टरला आउट टाइम सात वाजताचा, एफआयआरमधे अपघाताची वेळ सव्वासात आणि ठिकाण बरोबर घरच्या रस्त्यावरचं. झालं. म्हणजे बघा, ज्या एफआयआरला काका स्वतःच झेंगट म्हणत होते तोच कागद सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमधे त्यांच्या पगाराच्या कामी आला. गाडीवाल्याला शिक्षा होईल की नाही हा कोर्टाचा विषय, त्याला वर्षं लागतील, पण तो कागद नसता तर ठेकेदाराने ईएसआयला अपघाताचा रिपोर्टच भरला नसता. त्याने भरला, थोडी टाळाटाळ करून, दोन चकरा मारायला लावून.

सायकल पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जमा करून घेतली. कायद्याने बरोबरच आहे, पंचनामा झालाय, दरवाजावरच्या ओरखड्याची उंची आणि हँडलची उंची जुळते हे तिच्यावरूनच दिसतं. पण माणसाचं वाहन तेच. ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करायची हमी देऊन, सोडवता येते, तसा अर्ज केला, तोवर ग्रुपमधल्या एकाची पडून असलेली सायकल नेऊन दिली. काकू म्हणाल्या, आता यांना सायकलवर जाऊच देणार नाही. दोन महिन्यांनी परत सायकलवरच जायला लागले, रोज रिक्षाचं भाडं द्यायचं म्हणजे महिन्याच्या पगारातला केवढा तुकडा जातो.

दोन प्रकारचे सायकलवाले

नाशिक सायकलींचं शहर आहे असं आपण अभिमानाने सांगतो. २०१५ मधे इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, दोघांच्या टीममधे पूर्ण केली, दरवर्षी इथून पंढरपूरला सायकल वारी जाते, रविवारी सकाळी गंगापूर रोडला बघा, गिरणारेकडे जाणाऱ्यांची रांग असते. हे सगळं छानच आहे, मीही त्यातलाच. पण आमच्यातल्या कुणाला गाडीवाल्याने कट मारला की ग्रुपवर दिवसभर चर्चा, फोटो, टॅग, निवेदनं. आणि सातपूर, अंबडला पाळी सुटल्यावर जी शेकडो माणसं साध्या सायकलवर निघतात, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर फुटलेला, त्यांना रोज कट बसतो, आणि ते मिटवून टाकतात कारण त्यांना मिटवावंच लागतं.

आणि आम्ही जे सल्ले एकमेकांना देतो ते पण यांच्या फारसे उपयोगाचे नाहीत. अगदी कडेला चिकटून चालू नका, कडेपासून मीटरभर आत चालवा म्हणजे मागच्याला लेन बदलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, हा सल्ला अगदी बरोबर आहे आणि मी तो पाळतो. पण ताशी १२-१५ ने, रात्रभर जागलेला माणूस, मागे कंपनीची बस हॉर्न देतेय, तो कडेलाच जाणार. मग कडेला खड्डे, खड्डा चुकवायला तो थोडा उजवीकडे येतो आणि मागचा म्हणतो अचानक मधे आला. त्यातल्या त्यात चौक आणि आतला रस्ता जवळ आला की एकदा मागे वळून बघणं आणि गाडी पुढे गेली तर तिच्या इंडिकेटरवर विश्वास न ठेवता पुढचं चाक कुठे वळतंय ते बघणं, हे कोणत्याही सायकलवर जमतं. पार्क केलेल्या गाड्यांपासून दरवाजाभर लांब राहणंही.

जर्मनीत २०२० पासून सायकलला ओव्हरटेक करताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे असा मीटरमधे सांगितलेला आकडा नाही, त्यामुळे घासून गेला तरी धडक होईपर्यंत काही घडलंच नाही असं धरलं जातं. आम्हाला वीतभर अंतराने घासलं त्याची कुठेच नोंद नाही, ती आली फक्त व्हिडिओत नंबर दिसतो म्हणून, योगायोगाने.

सध्या

चार्जशीट गेलीय. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, इथे पहिला उशिरा गेला, दुसरा वेळेत. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू होता, त्यामुळे नुकसानभरपाईचा दावा विमा कंपनीवर जातो, त्या गृहस्थांच्या खिशावर नाही. हे त्यांना आधी कुणी समजावलं असतं तर बहुतेक भाच्याचा तो "तक्रार नाही"चा कागदच आला नसता. त्यांना वाटत होतं आपलं घर विकावं लागेल, भाच्याला वाटत होतं मामाला जेल होईल, म्हणून दोन हजार आणि ती सही. विमा काढलेला असून लोक असं का करतात हा मला अजून पडलेला प्रश्न आहे.

दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा म्हणून वकिलांनी आधीच करून ठेवला. त्यात मेडिकलचे कागद, ईएसआयने दिलेले पैसे, बुडालेला पगार आणि सायकल. विमा कंपनीच्या वकिलांनी उत्तरात दोन मुद्दे घेतलेत, एक सायकलला मागे लाइट नव्हता, दोन सायकलस्वार डाव्या बाजूने गाडीच्या अंगावर आला. पहिल्यावर आमचं म्हणणं, सकाळी सव्वासातला उजेड होता, व्हिडिओत आहे. दुसऱ्यावर त्याच व्हिडिओत दिसतं की गाडी पुढे गेली आणि मग आडवी आली. काकांची साक्ष पुढच्या तारखेला आहे. त्यांची एकच अट होती, तारीख दुपारनंतरची मिळाली तर बरं, रात्रपाळी असली की सकाळी झोप काढावी लागते. वकील म्हणाले ते काही आपल्या हातात नाही, म्हणून त्यांनी त्या आठवड्याची पाळीच बदलून मागितलीय.